न मागितलेले अनुदान

दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस केंद्रीय अर्थसंकल्प मांडला जातो आणि त्या संध्याकाळी आपल्या घराघरांतून त्याची चर्चा रंगते. प्राप्तिकराची मर्यादा कितीवर गेली, सोन्यावरची जकात वाढली की उतरली, मोटारगाडी स्वस्त होणार की महाग, एवढ्यावर ती बहुधा संपते. आरोग्य खात्याच्या तरतुदी उघडून पाहणारा विरळा, आणि त्या तरतुदींत मानसिक आरोग्याची ओळ शोधून काढणारा तर त्याहून विरळा. ती ओळ सापडण्यास सोपी नाही. पण शोधावी अशी आहे.

२०१९-२० या वर्षीचा आकडा पाहा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम या शीर्षाखाली केंद्राने ४० कोटी रुपये ठेवले होते. देशाची लोकसंख्या त्या वेळी एकशे पस्तीस कोटींच्या आसपास. म्हणजे माणशी सुमारे तीस पैसे. परंतु खरी गंमत (तिला गंमत म्हणावे लागते, हेच दुःख) पुढच्या रकान्यात आहे. वर्ष सरत आले तेव्हा सुधारित अंदाजात तो आकडा पाच कोटींच्या घरात आला. माणशी चार पैसेही नाहीत. आणि पुढच्या वर्षी पुन्हा ४० कोटी, जणू काही घडलेच नाही.

यावर आपली ठरलेली प्रतिक्रिया आहे : सरकारला गरिबांची पर्वा नाही. ही प्रतिक्रिया खोटी नाही, पण ती आळशी आहे. कारण ठेवलेला पैसा का खर्च झाला नाही, या प्रश्नाला ती हात घालीत नाही. रस्त्याचा निधी परत जाऊ लागला तर कंत्राटदार मंत्रालयात धाव घेतो, आमदार प्रश्न विचारतो, गावकरी रास्ता रोको करतात. बंधाऱ्याचा पैसा अडला तर बागायतदार तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर बसतो. मनोरुग्णांसाठीचा पैसा अडला तर कोण बसतो? माझे म्हणणे असे की, तो पैसा मागणारा कोणी नाही म्हणून तो अडतो, आणि मागणारा नाही याचे कारण दिल्लीत नसून आपल्या घरांच्या आतल्या खोलीत आहे. आपण ज्याची लाज बाळगतो त्याची मागणी करीत नाही. आणि ज्याची मागणी नाही त्याची तरतूद कागदावर राहते.

हे पटण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. रविवारच्या मिस्साबलिदानात आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. डायलिसिसवर असलेल्यांची नावे येतात, कर्करोगाने ग्रासलेल्यांची येतात, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची येतात. इतक्या वर्षांच्या सेवेत, छिन्नमनस्कतेने आजारी असलेल्या मुलाचे नाव आजारासह वाचावे अशी चिठ्ठी वेदीवर आलेली मला आठवत नाही. चिठ्ठ्या येतात, पण त्यांवर लिहिलेले असते : ‘एका विशेष हेतूसाठी’. हा विशेष हेतू आपल्या धर्मग्रामांतून किती घरांत दडला आहे, हे धर्मगुरूंना घरांना आशीर्वाद द्यावयास जाताना कळते. पुढच्या दालनात प्रार्थना होते, मागच्या खोलीचे दार बंद असते आणि कोणीतरी घाईने सांगते, ‘फादर, तो झोपलाय, त्याला जरा त्रास आहे.’ त्या ‘जरा त्रास’ या दोन शब्दांमागे कधी दहा वर्षे असतात, कधी वीस.

या लपवाछपवीला घरच्या माणसांकडे कारण असते. बहिणीचे लग्न जमायचे असते, भावाची सोयरीक मोडेल अशी भीती असते. मी त्यांना दोष देत नाही. दोष त्या समाजाला आहे जो नवरीकडच्या घरात मधुमेह चालवून घेतो आणि ‘डोक्यावर परिणाम’ चालवून घेत नाही. तो समाज म्हणजे आपणच.

आता शासनाने काय देऊ केले आहे ते पाहू. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा. त्यामागचा विचार साधा आणि शहाणपणाचा होता. मनोरुग्णालये थोडी, दूरची आणि भिंतींच्या आड. महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चारच : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. त्यांपैकी ठाण्याचे १९०१ सालचे. तेव्हा उपचार भिंतींतून बाहेर काढून गावच्या दवाखान्यात न्यावा, तेथील साध्या डॉक्टरला थोडे शिक्षण द्यावे, मोजकी औषधे ठेवावीत आणि रुग्णाला त्याच्या माणसांत ठेवून बरे करावे, असा तो विचार. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात १९८५ पासून हे करून दाखविले. त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, आरंभी अवघ्या चार जिल्ह्यांत. आज संसदेत दिल्या जाणाऱ्या उत्तरांप्रमाणे तो देशातील ७६७ जिल्ह्यांना मंजूर आहे. मंजूर हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. मंजूर असणे आणि चालू असणे यांत सरकारी मराठीत फार अंतर असते.

या कार्यक्रमाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एका जिल्ह्यासाठी वर्षाला ८३.२ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. त्यातून मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता, परिचारिका, नोंदी ठेवणारा कर्मचारी असे पथक नेमावयाचे. त्या पथकाने जिल्हा रुग्णालयात तर बसावयाचेच, पण ठरलेल्या दिवशी तालुक्यातही यावयाचे. औषधे पुरवावयाची, शाळा-महाविद्यालयांत जावयाचे. रक्कम थोर नाही. जिल्ह्याची लोकसंख्या पंचवीस-तीस लाख धरली तर डोईमागे जेमतेम तीन रुपये पडतात. पण गावचा रुग्ण गावातच बरा करण्याइतकी सुरुवात तीत आहे.

मग अडते कोठे? पहिली अडचण माणसांची. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही; जे आहेत ते शहरांत आहेत. कार्यक्रमातील नेमणुका बहुतांशी कंत्राटी. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर कोणता तज्ज्ञ आडगावी येऊन राहील? दुसरी अडचण हिशेबाची. जिल्हा कार्यक्रमाचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वाहत्या पोतडीतून येतो. त्याच पोतडीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, कर्करोगाची तपासणी आहे. केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस अशा वाट्याने पैसा उतरतो, आणि जिल्ह्याने मागील खर्चाचे प्रमाणपत्र धाडल्यावाचून पुढचा हप्ता सुटत नाही. पद रिकामे म्हणून खर्च नाही. खर्च नाही म्हणून प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून पैसा नाही. पैसा नाही म्हणून पद रिकामे. हे रहाट आपोआप फिरत राहते. ते थांबविण्यासाठी कोणीतरी बाहेरून हात घालावा लागतो, आणि तो हात मतदाराचा असावा लागतो.

यात आणखी एक गोष्ट २०१७ पासून बदललेली आहे, तिची आपल्या धर्मग्रामांतून पुरेशी वार्ता नाही. त्या वर्षी संसदेने मानसिक आरोग्य सेवा कायदा संमत केला आणि २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. त्याच्या अठराव्या कलमाने शासकीय खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क ठरविला आहे. उपकार नव्हे, योजना नव्हे, हक्क. आवश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व शासकीय दवाखान्यांत सदैव विनामूल्य असली पाहिजेत. दारिद्र्यरेषेखालील आणि निराधार रुग्णांना उपचार विनामूल्य. आणि किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसेल, तर त्या जिल्ह्यातीलच अन्य ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसावयाचा. हे वाक्य पुन्हा वाचावे. आपल्यापैकी किती कुटुंबांनी मुलाच्या खासगी उपचारासाठी वाडीचा तुकडा विकला असेल!

पंचाण्णवाव्या कलमाने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली. हे कलम कोठून आले हेही आपण विसरू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. तेथील रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते; त्यांना पळता आले नाही. २८ जण दगावले. तेथे दर्गा आहे आणि बरे होण्याच्या आशेने दूरदूरचे लोक आपली माणसे तेथे आणून सोडीत. ‘ते त्यांचे’ असे म्हणून आपणांस मान फिरविता येणार नाही. आपली माणसेही कोठे कोठे नेली जातात, हे आपण जाणतो.

हा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलावे. आपल्यातील कित्येक कुटुंबे आजारी मुलाला प्रथम डॉक्टरकडे नेत नाहीत; कोण्या प्रार्थनासभेत, कोण्या दूरच्या भक्तिकेंद्रात नेतात. तेथे कोणी सांगतो की घरावर पूर्वजांचा शाप आहे, कोणी सांगतो की दुष्टात्मा आहे आणि गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास. गोळ्या बंद होतात, तीन आठवड्यांत मुलगा पुन्हा उसळतो आणि मग ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ हे शेवटचे प्रमाणपत्र आईच्या हाती पडते. प्रार्थनेच्या सामर्थ्यावर माझा विश्वास नसता तर हा झगा मी अंगावर चढविला नसता. पण ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत इतकी स्वच्छ आहे की अज्ञानाची सबब चालत नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात, भूतनिवारणाविषयीच्याच परिच्छेदात सांगितले आहे की आजार, विशेषतः मानसिक आजार, ही निराळी बाब असून त्यावरील इलाज हे वैद्यकशास्त्राचे काम आहे. धर्मनियमांच्या ११७२ व्या कलमान्वये महागुरुस्वामींच्या खास अनुज्ञेवाचून हा विधी कोणाही धर्मगुरूला करता येत नाही, मग प्रापंचिक प्रवचनकाराची गोष्ट दूरच. आणि आत्महत्येसंबंधी म्हणाल, तर १९१७ च्या नियमसंहितेत जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारण्याचे कलम होते. १९८३ च्या संहितेने ते गाळले. आपल्या राज्यकर्त्यांना तेवढे करावयास २०१७ साल उजाडावे लागले. तोवर जीव देऊ पाहणारा वाचला तर त्याच्या दारी पोलीस जात. या एका बाबतीत ख्रिस्तसभा शासनाच्या चौतीस वर्षे पुढे होती. आपण मात्र अजूनही त्या घरच्या दुःखाला खालच्या आवाजात नाव ठेवतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यांपैकी २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातील, सर्व राज्यांत सर्वाधिक. यांतील कित्येकांना वेळीच एका डॉक्टरची आणि एका ऐकून घेणाऱ्या माणसाची गरज होती, एवढे म्हणण्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय आपण सारे ऐकत आलो आहोत. कबरस्तानात राहणारा, साखळ्या तोडणारा तो गरसेकरांच्या मुलखातला माणूस. प्रभूने त्याला बरे केले आणि दोन हजार डुकरांचा कळप समुद्रात बुडाला. गावकरी आले, त्यांनी त्या माणसाला वस्त्र नेसून शुद्धीवर बसलेला पाहिला आणि प्रभूला काय विनविले? की आमच्या हद्दीतून निघून जा. त्यांनी हिशेब केला होता. एका वेड्याच्या शहाणपणाला दोन हजार डुकरे ही किंमत त्यांना परवडली नाही. अर्थसंकल्पाच्या त्या दोन रकान्यांकडे पाहताना मला हे गावकरी आठवतात. पण या अध्यायाचा शेवट प्रवचनांतून सहसा राहून जातो. बरा झालेला माणूस प्रभूबरोबर नावेत चढू पाहतो. प्रभू त्याला येऊ देत नाही. तो त्याला घरी, आपल्या माणसांकडे जावयास सांगतो. त्याच्यासाठी प्रभूने आश्रम काढला नाही. त्याला त्याच गावात परत पाठविले ज्याने त्याला बांधून ठेवले होते.

येथून मी माझ्या दुसऱ्या, अधिक नाजूक मुद्द्याकडे येतो. धर्मप्रांतातील बैठकांतून आणि विश्वस्तांच्या चर्चांतून अधूनमधून सूचना येते : आपणच एक मानसिक आरोग्य केंद्र काढू, शासनाकडे अनुदानासाठी अर्ज करू, धर्मभगिनी ते चालवतील. सूचना करणारे सद्भावनेने करतात. आपला शिक्षणाचा आणि रुग्णसेवेचा वारसा त्यांच्या डोळ्यांपुढे असतो, आणि तो खोटा नाही. डॉक्टर असलेल्या मेरी ग्लॉवरी या ऑस्ट्रेलियन धर्मभगिनीने १९४३ मध्ये भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी केली, ती आजही उभी आहे. तथापि या सूचनेला माझा विरोध आहे आणि तो मी लेखी नोंदवू इच्छितो.

अनुदान मिळाले की आपण प्रथम काय बांधतो? भिंत. मग कोनशिला, मग उद्घाटनाला पालकमंत्री. तीन वर्षांनी अनुदान आटते, इमारत उरते, आणि तिच्यात कोणते तरी संगणकवर्ग सुरू होतात. हे भाकीत मी हवेतून करीत नाही. अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी ऑक्टोबर १९६३ मध्ये, आपल्या हत्येच्या तीन आठवडे आधी, सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. त्यांच्या घरात हे दुःख होते. बहीण रोझमेरी हिच्या मेंदूवर १९४१ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती, तिने ती कायमची पंगू झाली आणि विस्कॉन्सिनमधील धर्मभगिनींच्या संस्थेत तिचे पुढचे आयुष्य गेले. कायद्याचा हेतू थोर होता : देशभर दीड हजार केंद्रे उभारावयाची आणि मोठी मनोरुग्णालये रिकामी करावयाची. पण अनुदान आरंभी बांधकामासाठी होते. माणसांच्या पगारासाठीचे १९६५ मध्ये आले, तेही काही वर्षांत टप्प्याटप्प्याने संपणारे. केंद्रे जेमतेम निम्मी झाली. १९८१ मध्ये रेगन सरकारने तो सारा निधी राज्यांना एकगठ्ठा देऊन, आणि कमी करून, हात झटकले. मनोरुग्णालये मात्र ठरल्याप्रमाणे रिकामी होत गेली. भिंती बाहेरच्या जगात नव्या उभ्या राहिल्या नाहीत. रुग्ण पदपथांवर आणि तुरुंगांत आले.

याउलट बेल्जियममधील गील या गावाकडे पाहावे. संत डिंफनाच्या मंदिराशी मध्ययुगापासून मनोरुग्ण यात्रेस येत. मंदिरालगतच्या जागेत ते मावेनात, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरांत ठेवून घेतले आणि ती रीत शतकानुशतके चालली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शासनाने या व्यवस्थेची जबाबदारी घेतली. पण काय केले? घरे काढून घेतली नाहीत, मोठी कोठडी बांधली नाही. डॉक्टर नेमले, तपासणी ठेवली आणि रुग्णाला सांभाळणाऱ्या कुटुंबाला भत्ता सुरू केला. १९३० च्या दशकात अशा पाहुण्यांची संख्या ३,७०० च्या वर गेली होती. आज ती खूप घटली आहे. पण रीत मोडलेली नाही, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने तिची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. पैसा शासनाचा, वैद्यक शासनाचे, घर आणि ताट लोकांचे.

अकराव्या पायस या परमगुरुस्वामींनी १९३१ च्या पत्रात जे पूरकतेचे तत्त्व मांडले, ते सेमिनरीत आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ हाच. जे काम कुटुंब आणि गाव करू शकते ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये. पण ते करता यावे म्हणून साहाय्य देणे हे त्या सत्तेचे कर्तव्य आहे, कृपा नव्हे. आपल्यातील काही जण म्हणतात की सरकारी पैशाला ख्रिस्ती माणसाने हात लावू नये, आपले आपण सांभाळू. त्यांना मी एवढेच विचारतो : तुम्ही साखर घेता, पेट्रोल घेता, त्यावर कर कोण भरतो? तो पैसा तुमचाच आहे. तुम्ही घेतला नाही म्हणून तो पवित्र होत नाही. तो फक्त दुसऱ्या शीर्षाखाली वळविला जातो.

तेव्हा अनुदान मागावे, पण आपल्या भिंतींसाठी मागू नये. ते गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयासाठी मागावे. तेथे महिन्यातून ठरलेल्या दिवशी तज्ज्ञ यावा, गोळ्यांचा साठा तुटू नये आणि एक शिकविलेली व्यक्ती रोज असावी. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. गोव्यात १९९६ पासून कार्यरत असलेल्या संगात या संस्थेने तेथील प्राथमिक दवाखान्यांत एक प्रयोग केला. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना शिक्षण देऊन समुपदेशक नेमले. त्यांनी उदासीनतेच्या आणि चिंतेच्या रुग्णांचे ऐकून घ्यावयाचे, त्यांना आजार समजावून सांगावयाचा, औषधे चालू राहतील हे पाहावयाचे, गरज पडल्यास तज्ज्ञाकडे धाडावयाचे. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी दवाखान्यांत अशा मदतीने रुग्ण बरे होण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढले होते. आपल्या धर्मग्रामांत बारावी झालेल्या, चार घरे जोडून असणाऱ्या मुली आणि सुना थोड्या आहेत काय?

मात्र येथे एक पथ्य. हे काम ‘सेवा’ म्हणून फुकट करून घेण्याचा मोह आपल्याला होणार. आपल्या संस्थांना तशी सवय आहे. धर्मभगिनींच्या आणि धर्मग्रामातील स्त्रियांच्या फुकट श्रमांवर आपण कितीतरी उपक्रमांची फुले वाहिली आहेत. आशा सेविकांना मोबदल्यासाठी पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावे लागते, तेही याच मानसिकतेमुळे. ऐकून घेणे हे काम आहे, आणि कामाला वेतन लागते. अनुदान त्यासाठीच आहे.

कोणी म्हणेल, आता दूरध्वनीवरून सल्ला मिळतो, मग दवाखान्याचा हट्ट कशाला? १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सेवा सुरू झाली आहे; १४४१६ हा क्रमांक फिरविला की विनामूल्य बोलता येते. क्रमांक घरात भिंतीवर लावावा, मीही धर्मग्राम कार्यालयात लावला आहे. पण २०२३-२४ मध्ये या सेवेसाठी सुमारे १३४ कोटी ठेवले गेले आणि पुढच्याच वर्षी ९०. शिवाय अकरा वर्षे खोलीबाहेर न आलेला मुलगा दूरध्वनी उचलणार नाही. त्याच्या दाराशी कोणीतरी जावे लागते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने ग्रस्त आढळले, आणि आजारांनुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेला नव्हता. (त्या सर्वेक्षणातील बारा राज्यांत शेजारचा गुजरात होता, महाराष्ट्र नव्हता. याबद्दलही कोणी विचारणा केल्याचे ऐकिवात नाही.) हे ९२ टक्के यंत्राच्या दुसऱ्या टोकाला बसलेले नाहीत.

आपण मागू शकत नाही, असे तर मुळीच नाही. हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या मागे आपली माणसे रस्त्यावर उतरली होती. टँकर पाणी उपसून नेत होते तेव्हा ते अडविणाऱ्या स्त्रिया आपल्याच होत्या. महानगरपालिकेतून गावे वगळावीत म्हणून आपण लाठ्या खाल्ल्या. पाण्यासाठी भांडताना आपल्याला लाज वाटली नाही, कारण तहान सर्वांची होती. ही तहान काही घरांची आहे आणि ती घरे बोलत नाहीत, म्हणून ज्यांच्या घरी हे दुःख नाही त्यांनीच आधी बोलले पाहिजे. ज्या आईचा मुलगा आत बसला आहे तिने पुढे येऊन ध्वनिक्षेपकावर बोलावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. माझ्या ओळखीची एक आई दर महिन्याला मुलाच्या गोळ्यांसाठी ठाण्याला जाई. पहाटेची गाडी, दादरला बदल, मग रांग, आणि परतताना काळोख. शेजारणींना ती सांगत असे की, बहिणीकडे जाते. त्या गोळ्या कायद्याने तिच्या तालुक्याच्या रुग्णालयात फुकट मिळावयास हव्या होत्या. तिला हे कोणी सांगितले नव्हते, आणि तिने विचारावे कोणाला, जर विचारणे म्हणजेच उघड होणे असेल?

१ ऑगस्ट २०१४ पासून पालघर हा स्वतंत्र जिल्हा आहे. ठाण्याच्या वाट्यावर त्याने जगावे असा दंडक आता नाही. जिल्हा कार्यक्रम त्याचा स्वतःचा असावयास हवा. या जिल्ह्यात वसईच्या वाड्या आहेत तसे जव्हार-मोखाड्याचे पाडेही आहेत, आणि तेथल्या आदिवासी मातेला तर दादरला गाडी बदलण्याचीही सोय नाही. आपण मागू तेव्हा तिच्यासाठीही मागू.

काय मागावयाचे ते सांगतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे, दहा रुपयांचे तिकीट लावून. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसणारा असावा, तेवढे पुरेत. मागील तीन वर्षांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी किती रक्कम मंजूर झाली, किती आली, किती खर्च झाली. मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी केव्हापासून. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून कोणत्या दिवशी येतात आणि मानसिक आजारावरील औषधांचा साठा वर्षातील किती दिवस संपलेला होता. उत्तर तीस दिवसांत यावयास हवे. ते आले की रुग्ण कल्याण समितीवर आपल्यापैकी जे सदस्य आहेत (आहेत, आणि बैठकीला जात नाहीत) त्यांनी ते घेऊन जावे. ज्यांची गावे महापालिकेत आहेत त्यांनी प्रभागाच्या कचेरीत जावे.

अर्जावर नाव कोणाचे घालावयाचे हा प्रश्न येईल. धर्मग्राम परिषदेच्या सचिवांचे घालावे, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांचे घालावे, नाही तर माझे. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना भरते. पाणी, गटारे, दिवे यांच्या शेवटी एक ओळ : तालुका रुग्णालयात मानसोपचाराचा दिवस आणि औषधे. हा अंक हाती पडल्यानंतर यांतली जी तारीख पुढे येईल, तिच्यासाठी विषय ग्रामसेवकाकडे आधी लेखी द्यावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.